सुपासाठी न थांबलेली व्हायोला

“या घरात सूप कधी गरम म्हणून जायचं नाही,” स्वयंपाकीण वाल्पुर्गा पातेल्यावर झाकण आपटत म्हणाली. “मी इथे एकेक रव्याचा गोळा कापसासारखा हलका करायचा, आणि वाढायला कोण? तर हा शहाणा! आधी तारा खाजवणार, मग हात पुसणार, मग पाय ओढत येणार. तोवर माझ्या गोळ्यांचे दगड!”

बोलत होती ती स्वतःशीच, पण ऐकत होते मी. राइफेनटालच्या राजवाड्यात स्वयंपाकघर आणि जेवणाचा दिवाणखाना यांच्यामध्ये एक अरुंद वाढपखोली होती. तिच्या भिंतीवर माझी खुंटी होती. डाव्या हाताला धुरावर वाळवलेली डुकराची मांडी, उजव्या हाताला झारे, आणि खाली वाफाळणारं सूप.

मित्रांनो, मी एक जुनी व्हायोला आहे. जुनी म्हणजे थकलेली असं समजू नका. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा शेवटी रडतात, म्हणून आधीच सांगून ठेवते. मी रडणार नाही. मला भांडायचं आहे.

व्हायोलिन तुम्हाला माहीत असेल. तिला सगळेच ओळखतात. मी अंगाने तिच्याहून थोडी थोराड, आवाजाने थोडी खालची. वाद्यवृंदात वर व्हायोलिन नाचते, खाली मोठी वाद्यं घुमतात आणि मधे मी असते. घरात तीन मुली असल्या की मधलीचं जे होतं तेच माझं झालं. थोरलीचं कौतुक, धाकटीचे लाड, आणि मधलीला हाक मारताना आधी त्या दोघींची नावं घ्यायची, मग कपाळावर हात मारून तिचं.

माझा जन्म दक्षिणेकडच्या डोंगरातल्या एका गावी झाला. त्या गावात लोणी कमी आणि वाद्यकार जास्त. माझ्या कर्त्याचं नाव किलियान. त्याने माझं पोट स्प्रूसच्या फळीतून कोरलं आणि पाठ मेपलच्या. पाठीचं लाकूड तासताना त्यात एक गाठ निघाली, मिटलेल्या डोळ्यासारखी.

“टाकून दे ते,” त्याची बायको म्हणाली. “असली पाठ कोण घेणार?”

“व्हायोलिन असती तर टाकलं असतं,” किलियान म्हणाला. “पण ही व्हायोला आहे. हिच्या पाठीकडे बघायला वेळ कुणाला?”

झालं! जगात यायच्या आधीच माझी किंमत मला कळली. पण ती गाठ राहिली ते बरंच झालं. बाळाला तीट लावावी तशी ती माझ्या पाठीवर आहे, आणि पुढे सगळ्या गोंधळात मी कोण हे तिच्यावरूनच ओळखू आलं. मग किलियानने माझ्या पोटात एक बारीक काडी उभी केली. ती ना चिकटवलेली असते, ना ठोकलेली. वरच्या तारांच्या दाबाने उभी राहते आणि पोटाचा आवाज पाठीपर्यंत पोचवते. वाद्यकार तिला आत्मा म्हणतात. शेवटी मेंढीच्या आतड्याच्या तारा चढल्या, आणि पहिल्यांदा गज फिरला तेव्हा किलियान जरा दचकला. “अगंबाई,” त्याची बायको म्हणाली, “ही तर बोलते!”

तीच मी राइफेनटालच्या दरबारात येऊन सूप आणि झाऱ्यांच्या शेजारी टांगली गेले.

आता तुम्ही म्हणाल, वाद्य वाढपखोलीत कशाला? तर तिथली रीतच तशी होती. संस्थान लहान, हौस मोठी. दुपारी सरकार जेवायला बसले की दिवाणखान्याच्या एका टोकाला वादक वाजवत. पण नुसते वादक पोसणं परवडायचं नाही. म्हणून ओबो वाजवणारा पांक्रात्स सकाळी सरकारांचे केस विंचरायचा, शिंगवाला शिकारीची कुत्री सांभाळायचा, आणि माझा वेन्डेल वाढायचा. सगळ्यांच्या अंगात एकच पिवळा गणवेश. सूप आलं की वेन्डेलने मला खुंटीला अडकवायचं, सुपाचं भांडं उचलायचं, वरच्या, मानाच्या टेबलावर वाढायचं आणि परत येऊन मला खांद्यावर घ्यायचं. पुन्हा मासा आला की तेच. भाजलेलं मांस आलं की तेच.

मीच का? कारण मी गेले तरी कुणाला कळत नाही, असं सगळ्यांचं मत होतं. वाढप्यांचा मुकादम श्ट्रुबेल तर तोंडावर सांगायचा, “व्हायोलिन उठवली तर गाणं लंगडं होईल. व्हायोला उठवली तर काय होतं? खुर्ची रिकामी होते!” आणि स्वतःच हसायचा.

सुपाच्या वाफेने माझ्या तारा सैल पडत. दर वेळी परत आला की वेन्डेल कान माझ्यापाशी आणून हळूच खुंट्या पिळायचा. कधी त्याच्या बोटांना कांद्याचा वास असायचा, कधी माशाचा. माझ्या लाकडात तो अजून मुरलेला आहे, आणि मला त्याची लाज नाही.

वेन्डेल हास्लिंगर हा तागाचं कापड विणणाऱ्याचा मुलगा. त्याच्या हाती पहिल्यांदा गज दिला तो दरबारचे संगीतप्रमुख ग्रुनेवाल्ड यांनी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. एके काळी मास्तरांच्या रचना मोठमोठ्या शहरांत वाजत. मग काय झालं कोण जाणे. विहीर आटते तसे ते आटले. हार्पसिकॉर्ड या पियानोसारख्या वाद्यासमोर तासन्‌तास बसत, आणि कागद कोरा.

सरकारांच्या लग्नाच्या वेळी मास्तर तापाने फणफणले होते. नवी सिंफनी तर हवी. वेन्डेल म्हणाला, “मी काहीतरी खरडून देतो.” त्याने खरडलं ते असं होतं की पाहुण्यांचे काटे-सुरे हातातच राहिले. शेवटी टाळ्या पडल्या तेव्हा अंगावर घोंगडी घेऊन कसेबसे येऊन बसलेले मास्तर सवयीने उठले आणि सवयीने वाकले. त्यांच्या मनात लबाडी नव्हती. पाठीच्या कण्याला सवय होती, तो वाकला. पण सरकारांनी त्यांच्या बोटात अंगठी घातली, आणि मग सरळ उभं राहून खरं सांगणं त्या कण्याला जमलं नाही.

पुढच्या वेळी मास्तरांना ताप नव्हता. तरी सिंफनी वेन्डेलनेच लिहिली. मग तीच रीत पडली. नवी रचना आली की पहिल्या पानावर मास्तर आपलं नाव घालत आणि सगळा वादकवृंद खिडकीबाहेर बघे. कुणी “मास्तरांची नवी सिंफनी” असं म्हटलं की पांक्रात्सला हटकून नाक शिंकरायची वेळ यायची. सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणीच बोलत नव्हतं.

बोलायची एकटी ओटिली, वेन्डेलची बायको. राजवाड्यातल्या जाळीच्या कॉलरींना खळ लावायचं काम तिच्याकडे होतं. हात सोललेले, जीभ शाबूत.

“नाव लिहायला शाई किती लागते रे?” राईच्या पावावर कांदा चिरत ती एकदा म्हणाली. मी तेव्हा त्यांच्या पलंगावर, उशीवर डोकं ठेवून पडले होते.

“चाकराने चाकरीत केलेलं मालकाचंच असतं,” वेन्डेल म्हणाला. “सुताराने केलेल्या कपाटावर सुताराचं नाव असतं का?”

“नसतं. पण दुसऱ्या सुताराचंही नसतं!”

“ओटिली, माझ्या हातात गज कुणी दिला?”

“त्यांनी दिला. देव त्यांचं भलं करो. पण गज देताना जीभ काढून घेतली का तुझी?”

कांदा तिने चिरला होता, डोळे याचे भरले होते.

मित्रांनो, एक सांगते, म्हणजे मास्तरांवर अन्याय व्हायचा नाही. एकदा दुपारी जेवणं उरकल्यावर दिवाणखान्यात कुणी नसताना ते वाढपखोलीत आले. मला खुंटीवरून काढलं. वेन्डेलच्या एका संथ रचनेतली पहिलीच ओळ माझ्यावर वाजवली. ओळ सरळ गेली. मग गज खाली आला. “हे मला सुचायला हवं होतं,” ते म्हणाले. ऐकायला मी होते आणि डुकराची मांडी होती. मला त्यांनी परत टांगलं, अगदी हळुवार, आणि गेले. चोराचा राग करणं सोपं असतं. चोर रडका निघाला की पंचाईत होते.

आणखी एक माणूस होतं. सरकारांच्या आई, थोरल्या बाईसाहेब. काळ्या जाळीची टोपी, गुडघ्यांवर कोल्ह्याचं कातडं, डोळे कायम मिटलेले. सगळे समजत त्या झोपतात. वरच्या टेबलावर त्यांची खुर्ची पहिली, म्हणून त्यांना सूप नेहमी वेन्डेलच्याच हातचं. एकदा तो वाकून वाढत असताना त्या डोळे न उघडता म्हणाल्या, “तू इकडे आलास की तिकडचं गाणं अनवाणी चालायला लागतं रे.”

वेन्डेलच्या हातून पळी निसटता निसटता राहिली. “काय म्हणालात, बाईसाहेब?”

“मीठ बरोबर आहे म्हणाले. जा, तुझी वाट बघतायत.”

तर असं चाललं होतं, आणि चालत राहिलंही असतं. पण एका शरदात सरकार कुठल्याशा मोठ्या दरबारचा पाहुणचार घेऊन परत आले ते डोक्यात वारं भरूनच. तिथलं जेवण म्हणे घड्याळासारखं चालतं. आपल्याकडेच सूप का रेंगाळतं? श्ट्रुबेलकडे उत्तर तयार होतं. दुसऱ्या दिवशी तो वाढपखोलीत आला. वेन्डेल माझ्या तारा पुसत होता. मास्तरही तिथेच घोटभर बिअर घेत उभे होते.

“वेन्डेल, बातमी आहे,” श्ट्रुबेल म्हणाला. “थोरल्या बाईसाहेबांच्या नामदिनापर्यंत वाजव. त्यानंतर नुसतं वाढायचं. व्हायोला बंद.”

“बंद म्हणजे?”

“म्हणजे बंद. ही खुंटीही मोकळी होईल, सॉसेज टांगायला बरी. सरकार म्हणाले, मधला आवाज गेला तरी कुणाला कळतो? मास्तर, खरं की नाही?”

वेन्डेलने मास्तरांकडे बघितलं. मीही बघितलं. एक शब्द पुरला असता. हा गेला तर सिंफनी लिहिणार कोण, एवढंच नुसतं मनात आणलं असतं तरी चेहऱ्यावर दिसलं असतं. मास्तरांनी पेल्यात बघितलं. “सरकारांची मर्जी,” ते म्हणाले. “वेन्डेलला घरी... फावला वेळ मिळेल. लिहायला वगैरे.”

म्हणजे लिहायचं तर आहेच. फक्त वाजवायचं नाही, ऐकायचं नाही, खोलीत असायचं नाही. सूप वाढता वाढता आपलीच सिंफनी पाठीमागून ऐकायची, आणि तीही मधला आवाज काढून टाकलेली.

वेन्डेलने मला पुसायचं थांबवलं नाही. पण त्याचा हात बदलला. बोटं ज्याची त्यालाही कळत नाही ते वाद्याला आधी कळतं.

त्या हिवाळ्यात बर्फ लवकर पडला. वेन्डेल घरी चुलीपाशी बसून नामदिनाची, म्हणजे बाईसाहेबांच्या नावाच्या संताच्या सणाची, सिंफनी लिहीत होता आणि अधूनमधून एखादी ओळ माझ्यावर करून बघत होता. ओटिली कॉलरींचा ढीग बाजूला सारून त्याच्या खांद्यावरून वाकली. इतक्या वर्षांत स्वरांचे कागद तिला वाचता येऊ लागले होते.

“तुझ्या ओळीत थांबा दिसत नाही,” ती म्हणाली.

“नाही.”

“सूप केव्हा वाढणार मग?”

“सूप वाट बघेल.”

ओटिली सरळ झाली. आपली शाल काढून तिने त्याच्या खांद्यांवर टाकली आणि दिव्याची वात वर केली. मग म्हणाली, “नोकरी जाईल.”

“जाईल.”

“घर जाईल. ते राजवाड्याचंच आहे.”

“हो.”

“बरं,” ओटिली म्हणाली. “मग तो वरचा पंचम जरा जास्त ओढ. जायचंच आहे तर घाई कशाला?”

तालमीच्या दिवशी दिवाणखाना थंडगार होता. सगळे बोटांवर फुंकर मारत होते. पहिला भाग सुरळीत गेला. दुसरा भाग संथ. आतापर्यंतच्या सगळ्या सिंफन्यांत तिथे मला थांबा असायचा, कारण तिथे सूप यायचं. या वेळी तिथेच, नेमकं तिथेच, बाकी सगळे खाली बसले आणि मी उठले. माझ्या जाड तारेवरून गाणं सुरू झालं आणि ते थांबेचना.

व्हायोलिनवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं. मास्तरांनी हार्पसिकॉर्डवरून हात उचलले. “वेन्डेल, व्हायोला इथे... फार बोलते आहे.”

“कागदावर आहे तसंच वाजवतोय, मास्तर.”

“पण जेवणाच्या वेळी एवढी व्हायोला कशाला?”

“ते मी कसं सांगू?” वेन्डेल अगदी शांतपणे म्हणाला. “लिहिलंय तुम्ही.”

पांक्रात्सने नाक शिंकरलं. शिंगवाला आपल्या शिंगात असा बघायला लागला की जणू आत कुत्र्याचं पिल्लू अडकलंय. मास्तरांच्या मानेवर लाली चढली. ते म्हणू शकले असते, हे बदल. पण बदलायचं म्हणजे कुठला सूर कुठे न्यायचा ते सांगावं लागतं. ते कागदाकडे बघत राहिले. “ठीक आहे,” म्हणाले. “पुढे चला.”

आता इथे मला थोडं थांबू द्या. नामदिनाची गोष्ट मी शेवटासाठी राखून ठेवली आहे. मधलं आधी सांगते, कारण मधल्याला आधी संधी मिळाली असं आयुष्यात एकदा तरी व्हावं.

राइफेनटाल सुटलं. वेन्डेल, ओटिली आणि त्यांची मुलगी सिबिला भर थंडीत सामानाच्या गाडीवर बसून निघाले. मी ओटिलीच्या गोधडीत. नदीकाठच्या एका व्यापारी गावात वेन्डेलला चर्चमध्ये वाजवायचं काम मिळालं. तिथे त्याने लिहिलं ते स्वतःच्या नावाने. थोडंच लिहिलं, पण त्यातलं एकही पान असं नाही की ज्यात मी सुपासाठी थांबले. त्याच्यामागे सिबिलाने मला वाजवलं. बाईने चारचौघांत वाजवू नये अशी तिथली पद्धत, म्हणून ती खिडकी उघडी ठेवून घरात वाजवायची, आणि रस्त्यावरचे चारचौघं थांबून ऐकायचे.

मग माझे दिवस फिरले. सिबिलाच्या नातवांना पियानो हवा होता. मी माळ्यावर गेले. तिथे उंदरांनी माझ्या पेटीचं मखमल खाल्लं. एका हिवाळ्यात छत गळलं आणि माझी एक शिवण उकलली. तारा तुटल्या, तारांचा दाब गेला, आणि पोटातली ती काडी पडली. म्हणजे माझा आत्मा अक्षरशः माझ्या पोटात घरंगळत पडला आहे. हलवलंत तर खुडखुड वाजतो. एका भंगारवाल्याकडे मी बाहुल्या आणि वाफेच्या इस्त्र्यांमध्ये होते. तिथे कुणीतरी माझ्या पाठीवरची गाठ ओळखली, दरबारी वाद्यांच्या एका जुन्या चित्राशी ताडून बघितली, आणि मला वाजतगाजत आणलं. कुठे? राइफेनटालच्या राजवाड्यात! त्याच जेवणाच्या दिवाणखान्यात आता काचेच्या कपाटात मी आहे. माझ्या शेजारच्या कपाटात एक व्हायोलिन आहे, आणि लोक तिच्याकडे जाताना माझ्या काचेत आपले केस नीट करतात.

त्याचं मला काही नाही. मधलीला सवय असते. पण माझ्या काचेवर एक चिठ्ठी लावली आहे. तिच्यावर लिहिलंय: ‘व्हायोला. हिच्यावर ग्रुनेवाल्ड यांच्या प्रसिद्ध सिंफन्या वाजवल्या जात.’

वाचलंत? अजून तेच! नामदिनाला त्या दिवाणखान्यात जे बोललं गेलं ते सरकारांनी भिंतींबाहेर जाऊ दिलं नाही. ऐकणारे पगाराचे नाहीतर पाहुणचाराचे मिंधे होते, ते आपापल्या थडग्यात गेले. आता त्या दिवसाची साक्ष द्यायला मी एकटी उरले, आणि माझ्या तारा तुटल्यात. पण मी गप्प बसणार असते तर किलियानच्या बायकोने मला ‘बोलते’ म्हटलं नसतं.

म्हणून, मित्रांनो, वस्तू जपा, तेल लावा, ऊन दाखवा, हे मी सांगणार नाही. ते करालच. माझी काच पुसा किंवा पुसू नका. पण जे ज्याचं आहे त्यावर त्याचं नाव लिहा. आणि गाणं ऐकताना एकदा तरी मधल्या आवाजाकडे कान द्या. तिथे कुणीतरी खपत असतं.

आता तो दिवस.

थोरल्या बाईसाहेबांचा नामदिन. बाहेर बर्फ, आत उंच शेगडीत लाकडं तडतडतायत. खिडक्यांतून पांढरा उजेड वरच्या टेबलावर पडलेला. सरकार मधोमध, पाहुणे दोन्ही बाजूंना, बाईसाहेब आपल्या खुर्चीत डोळे मिटून. ओटिली खळ घातलेल्या रुमालांची टोपली घेऊन वाढपखोलीत उभी होती. तिचं तिथे काहीच काम नव्हतं.

पहिला भाग झाला. लोक शिष्टाचारापुरते डोलले. दुसरा सुरू झाला आणि वाढपखोलीच्या दारातून सुपाचा वास आला. श्ट्रुबेलने दारात उभं राहून मान हलवली, म्हणजे ये. वेन्डेलने गज माझ्या जाड तारेवर ठेवला.

मी आयुष्यात पुष्कळ वाजले, पण तसं कधी नाही. ते गाणं दुःखाचं नव्हतं. ते हट्टाचं होतं. एखादी बाई दाराच्या चौकटीत उभी राहते, हात कमरेवर, आणि म्हणते की मी इथून हलणार नाही, तसं. व्हायोलिनी माझ्या मागून हलकेच चालल्या. वर्षानुवर्षं मी त्यांच्या मागून चालले होते. त्यांना वाट सापडायला वेळ लागला, पण सापडली.

श्ट्रुबेलने रुमाल झटकला. मग खाकरला. मग भिंतीच्या कडेकडेने अर्ध्यापर्यंत आला. “वेन्डेल!” तो दातांतून म्हणाला. “सूप!”

वेन्डेलने त्याच्याकडे सरळ बघितलं आणि वाजवत राहिला.

श्ट्रुबेल मागे धावला. “दुसरा कोणीतरी उचला रे ते भांडं!”

तेव्हा वाढपखोलीतून वाल्पुर्गाचा आवाज आला. दबका, पण मला ऐकू आला, कारण तो आवाज मला वर्षानुवर्षं पाठ होता. “भांड्याला हात लावलास तर पळी डोक्यात घालीन. गाणं संपू दे.”

“अगं, गार होतंय!”

“होऊ दे गार.”

तो वरचा पंचम आला. वेन्डेलने तो ओढला, ओटिलीने सांगितला होता तसा, घाई न करता. मग मी खाली उतरले आणि थांबले. गाणं संपलं म्हणून थांबले, सूप आलं म्हणून नाही.

टाळ्या पडल्या नाहीत. सरकारांनी वाजवल्याशिवाय कुणी वाजवायच्या नसतात, आणि सरकारांचे हात टेबलावर होते.

“मास्तर,” सरकार म्हणाले, “आमच्या आईसाहेबांच्या नामदिनाला आम्ही उपाशी बसायचं का?”

“क्षमा असावी, सरकार.”

“दर वेळी इथे व्हायोला थांबते. सूप येतं. आज का थांबली नाही?”

“संगीताच्या दृष्टीने, सरकार...” मास्तरांनी घसा साफ केला. “संगीताच्या दृष्टीने या ठिकाणी...”

“अन् आजवर का थांबायची?” हा आवाज बाईसाहेबांचा. डोळे अजून मिटलेलेच.

“जी?”

“सोपं विचारतेय. इतक्या सिंफन्या झाल्या. सूप आलं की व्हायोला गप्प. मासा आला की गप्प. मांस आलं की गप्प. तुम्ही तसं का लिहीत होता?”

मास्तरांनी समोरचे कागद उलटले. मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं की हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. नाव घालताना त्यांनी पहिल्या पानाच्या पुढे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

“ग्रुनेवाल्ड,” बाईसाहेबांनी डोळे उघडले. ते निळे आणि टक्क जागे होते. “तुम्ही आयुष्यात कधी सूप वाढलंय?”

एक पाहुणा हसला, आणि आपण एकटेच हसतोय हे कळून थांबला.

“नाही, बाईसाहेब.”

“मग सूप कितव्या सुराला दारात येतं हे तुम्हाला कुठून कळणार? ते वाढणाऱ्यालाच माहीत.”

“आईसाहेब,” सरकार हळूच म्हणाले, “पाहुणे आहेत. हा विषय नंतर...”

“माझा नामदिन आहे. मला गार सूप मिळालंय. निदान उत्तर तरी गरम मिळू दे.” त्यांनी मान वळवली. “सांगा कुणीतरी. कुणाचं आहे हे गाणं?”

शेगडीत एक लाकूड कोसळलं. व्हायोलिनवाले आपल्या बुटांकडे बघत होते. शिंगवाला खिडकीबाहेर. पांक्रात्सने रुमाल बाहेर काढला, नाकापर्यंत नेला, आणि या वेळी नाक न शिंकरताच तसाच खिशात ठेवला. वाढपखोलीच्या दारात ओटिली आणि वाल्पुर्गा खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. मास्तर वेन्डेलकडे बघत होते. ज्याने हातात गज दिला तो माणूस, आणि त्याचे डोळे ‘नको’ म्हणत होते की ‘सांग एकदाचं’, ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

“तू रे,” बाईसाहेब म्हणाल्या. “तू वाढतोस ना मला? तू सांग.”

वेन्डेलची हनुवटी अजून माझ्यावर होती. त्याचा श्वास माझ्या लाकडात शिरला, आणि पोटातली ती बारीक काडी थरथरली. मला वाटलं हा आता मला खाली ठेवेल, वाकेल, आणि सूप आणायला जाईल.

त्याने मला खाली ठेवलं नाही.

“माझं,” वेन्डेल म्हणाला. “हे माझं आहे, बाईसाहेब. आणि याआधीची सगळीसुद्धा माझीच.”